आमच्या खिडक्या किरकोळ नाहीत : पणजीच्या जुन्या घरांसाठी एक खुले पत्र

प्रति,
गोवा सरकारचे नगरनियोजन, पुरातत्त्व व वन या खात्यांचे मंत्री आणि अधिकारी, तसेच पणजीचे लोकप्रतिनिधी यांस,

सविनय नमस्कार.

जुन्या घराच्या शिंपल्यांच्या खिडक्या काढून त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवणे ही किरकोळ दुरुस्ती आहे, तिला परवानगी लागत नाही आणि म्हणून तिच्याविषयीची तक्रारही नोंदवून घेता येत नाही, असे उत्तर मला अलीकडे एका सरकारी कार्यालयात मिळाले. त्या कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथले अधिकारी सौजन्याने बोलले, नियम त्यांनी वाचून दाखवला, आणि नियमाच्या भाषेत ते कदाचित बरोबरही असतील. मला खटकते ती त्या नियमामागची समजूत. ज्या घराच्या भिंतीचा रंग, छपराचा उतार आणि उंची यांची सरकारला काळजी वाटते, त्याच घराची खिडकी सरकार किरकोळ मानते. ही समजूत आम्हा घरमालकांतही चांगलीच रुजली असल्यामुळे मी हे पत्र टपालाने न पाठवता जाहीरपणे लिहीत आहे.

मी पणजीच्या मळा या जुन्या वस्तीत राहते. घर पणजोबांच्या वेळचे आहे, भिंती जांभ्या दगडाच्या, छप्पर मंगळुरी कौलांचे, आणि रस्त्याच्या बाजूला शिंपले बसवलेल्या पाच खिडक्या. एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेतले ते एक घर आहे. अशा रांगेत एका घराने खिडक्या बदलल्या की दर्शनी भागाची लय दुसऱ्याचीही बिघडते, हे इथे राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. आमच्या रांगेतल्या दोन घरांच्या खिडक्या गेल्या काही वर्षांत गेल्या. त्या घरांच्या मालकांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्या अडचणी माझ्याही आहेत आणि त्या पुढे मांडणारच आहे.

आधी ही खिडकी काय आहे ते सांगते, कारण तिच्याविषयी निर्णय घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती आतून उघडून पाहिली असेल याबद्दल मला शंका आहे. पणजी १८४३ मध्ये पोर्तुगीज गोव्याची अधिकृत राजधानी झाली आणि मांडवीच्या काठावर, आल्तिनो टेकडीच्या उतारावर, फोंतेन्हास आणि मळ्यात घरे दाटत गेली. त्या काळी काच समुद्रापलीकडून यायची आणि महाग पडायची. शिंपला मात्र नदीच्या मुखाशी चिखलात मिळायचा. प्लाकुना प्लासेंटा या शास्त्रीय नावाचा हा कालव चपटा, साधारण तळहाताएवढा आणि इतका पातळ असतो की त्यातून उजेड पार होतो. झुवारीच्या मुखाजवळच्या चिखलीच्या उपसागरात तो आजही आढळतो. त्याच्या कडा कापून आयताकृती तुकडे करायचे, सागवानी किंवा फणसाच्या लाकडाच्या बारीक पट्ट्यांना खाचा पाडायच्या आणि त्या खाचांत एकेक तुकडा सरकवत पाखे, म्हणजे खिडकीचे उघडणारे दार, भरायचे, अशी ही कामाची रीत. मोठ्या खिडकीच्या एका पाख्यात असे शंभराहून जास्त तुकडे सहज बसतात. एक फुटला तर तेवढाच बदलता येतो, अख्खे पाखे उतरवून टाकावे लागत नाही. सासष्टीतल्या मोठ्या वाड्यांत, फोंड्याकडच्या हिंदू घरांत, जुने गोव्याच्या चर्चवास्तूंत, सगळीकडे ही खिडकी पोचली. त्यामुळे तिला ‘पोर्तुगीज’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी, किंवा त्याच नावाने ती पर्यटकांना विकणाऱ्यांनी, ती घडवणारे हात कोणाचे होते तेही एकदा पाहावे.

तिचे काम केवळ शोभेचे नाही. शिंपल्यातून येणारा उजेड पसरट आणि मऊ असतो, एप्रिलच्या दुपारीही डोळ्यांवर येत नाही. बाहेरून आत दिसत नाही, त्यामुळे रस्त्याला लागून असलेल्या खोलीतही पडद्याशिवाय राहता येते. फोंतेन्हासच्या गल्ल्यांत हल्ली सकाळपासून छायाचित्रे काढणाऱ्यांची जी रीघ लागते, ती पाहता या गुणाची किंमत वाढलेलीच आहे. पाखी बिजागऱ्यांवर फिरतात, म्हणून खिडकी पूर्ण उघडते आणि वाऱ्याला सगळी चौकट मोकळी मिळते. सरकत्या खिडकीत एक तावदान नेहमी दुसऱ्याच्या मागे उभे असते, म्हणजे तेवढ्याच चौकटीतून निम्माच वारा येतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, अशा दमट गावात वारा निम्मा करणे म्हणजे भिंतींवर बुरशीला आमंत्रण देणे आहे.

जांभ्याच्या भिंतीचा स्वभावही इथे लक्षात घ्यावा लागतो. जांभा पाणी पितो आणि ऊन पडले की ते सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला ते सोडू देतो. ॲल्युमिनियमची चौकट बसवताना जुनी लाकडी चौकट उपटली जाते, तिच्याबरोबर कडेचा चुना ढासळतो, मग ती पोकळी सिमेंटने किंवा फुगणाऱ्या फोमने भरतात आणि वरून सिलिकॉन ओढतात. बाहेरून काम स्वच्छ दिसते. पहिल्या पावसात चौकटीभोवती अडकलेले पाणी बाहेरच्या बाजूने निघू शकत नाही, म्हणून ते आतल्या बाजूने उतरते, आणि खिडकीखालचा गिलावा फुगून सुटू लागतो. खारी हवा ॲल्युमिनियमलाही सोडत नाही. कापलेल्या कडांवरचे पावडर कोटिंग आधी उठते, लोखंडी स्क्रू जिथे ॲल्युमिनियमला टेकतो तिथे गंज आणि पांढरी भुकटी धरते, खालच्या खाचेत वाळू आणि मीठ साचून चाके अडकतात. मग ती खिडकी दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. उलट सागाची किंवा फणसाची चौकट वरची वळचण शाबूत असेल, पितळी बिजागऱ्या असतील आणि दर काही वर्षांनी तेल मिळाले तर माणसाचे आयुष्य सहज ओलांडते. आमच्या घरातल्या चौकटी याचा पुरावा आहेत. पूर्वी पावसाळ्याआधी चुडतांची झापे विणून खिडक्यांवर बांधत आणि पाऊस सरला की लाकडाला तेल आणि भिंतीला चुना लागे. ही देखभाल थांबली, आणि मग लाकूडच टिकत नाही असा प्रवाद सुरू झाला.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार नियमांची. आमच्या घरांना लागू होणारे कायदे कमी नाहीत. १९७४ चा नगरनियोजन कायदा आहे, त्याखालचे बांधकाम नियम आहेत, पणजीच्या आराखड्यात संवर्धन क्षेत्र आखलेले आहे, आणि खाडीकाठच्या घरांना किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचनाही लागते. २०११ च्या त्या अधिसूचनेत ना-विकास क्षेत्रातल्या अधिकृत जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीला मुभा देताना चौथरा, चटई क्षेत्र आणि घनता वाढू नये एवढे पाहिले आहे. १९७८ चा राज्याचा प्राचीन स्मारके कायदा संरक्षित स्मारकांपुरता आहे. खासगी राहते घर त्यात येत नाही, आणि सरसकट यावे असे मीही म्हणत नाही. पण या सगळ्यातून वाट काढत खिडकी निसटते. कौलांच्या जागी स्लॅब घालायचा म्हटला तर अर्ज, नकाशे आणि समितीची बैठक. रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या एका दुपारी काढून टेम्पोत घातल्या तर कोणाला काही विचारायचे नाही. दर्शनी भिंतीचा मोठा हिस्सा जर खिडक्यांचाच असेल, तर खिडक्या सोडून दर्शनी भाग जपता कसा येईल, याचे उत्तर मला त्या कार्यालयात मिळाले नाही.

दुसरी तक्रार शिंपल्यांची, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कालवाला संरक्षण दिले आहे. ते योग्यच आहे. चिखलीचा उपसागर गाळ, बांधकाम आणि बेसुमार वेचणीपासून वाचलाच पाहिजे, आणि माझ्या खिडकीसाठी एकही जिवंत शिंपला नदीतून काढला जाऊ नये, हे मी निःसंदिग्धपणे लिहिते. पण शंभर वर्षांपूर्वी खिडकीत बसलेल्या शिंपल्याचे काय करायचे, हे सामान्य माणसाला कोणीही लिहून देत नाही. पाडलेल्या घराच्या खिडकीतले शिंपले काढून दुसऱ्या घराच्या खिडकीत बसवायचे तर कोणता दाखला लागतो? ते एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नेताना वाटेत अडवले तर काय दाखवायचे? आमचा मेस्त, म्हणजे सुतार, हे काम हाती घ्यायला कचरतो, कारण जी वस्तू तो हातात धरणार ती कायदेशीर आहे की नाही हे त्याला ठाऊक नाही. परिणाम असा की जीव वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याच्या संदिग्धतेमुळे, ज्यांचा जीव केव्हाच गेला आहे ते शिंपले कचऱ्यात जातात. मी स्वतः पाडकामाच्या ढिगाऱ्यात अशी पाखी मोडून पडलेली पाहिली आहेत.

जी मोडत नाहीत ती विकली जातात. जुने सामान घेणारे दारावर येतात, रोख पैसे देतात, आणि ती पाखी पुढे कुठल्या तरी हॉटेलात भिंतीवर टांगली जातात किंवा काच ठेवून टेबल होतात. विकणाऱ्याचा यात गुन्हा नाही. पण वारसा घर म्हणून ज्याची जाहिरात होते त्या हॉटेलात दुसऱ्याच्या घराची खिडकी शोभेला लावायची, आणि ज्या घरातून ती आली तिथे ॲल्युमिनियम, याला पर्यटन धोरण म्हणायचे का, एवढे तरी विचारावेसे वाटते.

तिसरी तक्रार सरकारच्या स्वतःच्या इमारतींची. शहरातल्या एका जुन्या सरकारी इमारतीत वरच्या मजल्यावरची लाकडी पाखी काढून तिथे सरकत्या खिडक्या बसवलेल्या मी पाहते, आणि उरलेल्या जुन्या चौकटीत वातानुकूलन यंत्र घुसवण्यासाठी पाखे करवतीने कापलेले पाहते. जे सरकार स्वतःच्या भिंतीत हे करते त्याने आम्हाला वारशाचे धडे द्यावेत हे अवघड आहे.

चौथी गोष्ट पैशांची आणि हिस्सेदारांची. ती सर्वांना माहीत असल्यामुळे थोडक्यात लिहिते. गोव्याच्या समान नागरी कायद्यानुसार घर सगळ्या वारसांचे. माझ्या घराचे हिस्सेदार मुंबईत आहेत, पुण्यात आहेत, लिस्बनमध्येही आहेत. मोठ्या दुरुस्तीचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि त्या मिळेपर्यंत आणखी एक पावसाळा जातो. ज्या घरात जुने भाडेकरू आहेत तिथे तर मालक भाड्याकडे बोट दाखवतो आणि भाडेकरू मालकाकडे. अशा वेळी ॲल्युमिनियमवाला दोन दिवसांत काम उरकून हप्त्याने पैसे घ्यायला तयार असतो, आणि शिंपल्याचे काम जाणणारा सुतार मात्र वर्षभर आधी सांगूनही सापडत नाही, कारण हे काम करणारी बहुतेक माणसे म्हातारी झाली आहेत आणि त्यांच्या मुलांनी स्वाभाविकपणे बरा पगार देणारी कामे धरली आहेत.

लोक खिडक्या का बदलतात, याची आणखी दोन प्रामाणिक कारणे आहेत, डास आणि वातानुकूलन. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ येते तेव्हा जाळीशिवाय झोपता येत नाही, आणि जुन्या पाख्यांच्या फटींतून गार हवा निघून जाते हेही खरे आहे. मांडवीतल्या कॅसिनोंच्या बोटींवरचे संगीत रात्री ज्यांच्या खोलीपर्यंत पोचते त्यांना बंद काच हवीशी वाटली तर नवल नाही. जुन्या घरात राहणाऱ्याने गैरसोय सोसत संग्रहालयाचा राखणदार व्हावे, अशी अपेक्षा मी कोणाकडूनही करणार नाही. पण या दोन्ही गरजा जुनी खिडकी न काढता भागतात. जांभ्याची भिंत दीड-दोन फूट जाड असते. तिच्या आतल्या कडेला जाळीचे किंवा काचेचे दुसरे पाखे स्वतंत्र हलक्या चौकटीवर बसवता येते, बाहेरचे शिंपल्यांचे पाखे जागच्या जागी राहते, आणि उद्या कोणाला आतले पाखे नको झाले तर चार स्क्रू काढून ते उतरवता येते. माझ्या घरातल्या दोन खोल्यांत असे केले आहे. जिथे शिंपले मिळतच नाहीत तिथे जुन्याच लाकडी पट्ट्यांच्या खाचांत दुधी काचेचे त्याच मापाचे तुकडे बसवायलाही माझी हरकत नाही. शुद्धतावादी मंडळी यावर नाक मुरडतील, पण चौकट, विभागणी आणि उघडण्याची रीत टिकली तर शिंपला नंतर परत बसवता येतो. चौकटच गेली तर काहीच परत येत नाही.

हे सगळे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये म्हणून एक उदाहरण देते. फिलिपिन्समधले विगान हे किनाऱ्यालगतचे जुने शहर १९९९ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत आपल्याच जातीचा शिंपला बसवलेला असतो, फक्त त्यांची पाखी आडवी सरकतात. तिथे युनेस्कोच्या साहाय्याने घरमालकांसाठी सचित्र मार्गदर्शिका तयार झाली, जिच्यात घराचा कोणता भाग कसा तपासावा, कसा दुरुस्त करावा आणि काय करू नये हे राहत्या माणसाला समजेल असे सांगितले आहे. आपल्याकडे तोर्ड्याला घरांचे एक चांगले संग्रहालय आहे, जुने गोव्याची चर्च १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, वास्तुरचनेचे महाविद्यालय आहे, अभ्यासक आहेत. घरमालकाच्या हातात पडेल असा एक कागद मात्र मला आजवर मिळालेला नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्टपणे मांडते.

संवर्धन क्षेत्रातल्या घराची रस्त्याकडची खिडकी हा दर्शनी भागाचा घटक मानावा आणि ती बदलण्यापूर्वी लेखी पूर्वसूचना देणे बंधनकारक करावे. त्याच वेळी जुनी खिडकी जुन्याच पद्धतीने दुरुस्त करणाऱ्याला कोणतीही परवानगी, शुल्क वा फेरी लागू नये. आज दुरुस्ती कठीण आणि बदल सोपा आहे. नियमाने हा क्रम उलटा करावा. पूर्वसूचनेचे उत्तर ठरावीक मुदतीत आले नाही तर काय, हेही नियमातच लिहावे, नाहीतर आम्ही आणखी एका फायलीच्या मागे लागू.

वन खात्याने जुन्या शिंपल्यांच्या पुनर्वापराविषयी एक साधे परिपत्रक मराठी, कोकणी आणि इंग्रजीत काढावे. इमारतीतून निघालेला जुना शिंपला कोणाला ठेवता येतो, कसा नोंदवायचा, कसा न्यायचा, एवढेच त्यात असले तरी पुरे. त्याला जोडून, संवर्धन क्षेत्रात घर पाडण्याची परवानगी देतानाच त्याची लाकडी पाखी व शिंपले सरकारी भांडारात जमा करण्याची अट घालावी, आणि त्या भांडारातून दुरुस्ती करणाऱ्या घरमालकांना ते माफक दरात द्यावेत. यासाठी नवी इमारत नको; एखाद्या जुन्या गोदामाची कोरडी खोली चालेल. चिखलीच्या उपसागराचे रक्षण या परिपत्रकामुळे सैल पडता कामा नये, उलट नव्या शिंपल्याची मागणीच उरू नये हा त्याचा हेतू असावा.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुतारकामाच्या अभ्यासक्रमात जुन्या खिडक्यांच्या दुरुस्तीचा एक छोटा भाग घालावा, आणि तो शिकवायला आज हयात असलेल्या मेस्तांना मानधन देऊन बोलवावे. हे काम आणखी पाच-दहा वर्षांनी करू म्हटले तर शिकवणारे उरणार नाहीत. अनुदान देणार असाल तर ते खिडकीमागे द्यावे आणि सर्व हिस्सेदारांच्या सह्यांऐवजी घरात प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या अर्जावर, इतरांना नोटीस देऊन, द्यावे. या रकमा अख्ख्या घराच्या जीर्णोद्धारासारख्या मोठ्या नसतात.

आणि सर्वांत आधी, सरकारने स्वतःच्या जुन्या इमारतींतल्या खिडक्यांची यादी करून ती प्रसिद्ध करावी, पुढची खिडकी काढण्याचे काम थांबवावे, आणि उरलेल्यांपैकी निदान एका इमारतीच्या खिडक्या येत्या पावसाळ्याआधी योग्य रीतीने दुरुस्त करून दाखवाव्यात. त्या कामावर शिकाऊ सुतार आणि घरमालक यांना पाहायला येऊ द्यावे. तोवर माझ्या घराच्या पाचांपैकी दोन खिडक्यांची पाखी सैल झाली आहेत. प्रशिक्षणासाठी कोणाला उपयोगी पडणार असतील तर मी त्या उपलब्ध करून देईन, लाकडाचा आणि मजुरीचा खर्च माझा.

या पत्राचे उत्तर मला एकटीला न देता जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
मळा, पणजी येथील एक घरमालकीण